गढी, ग्रंथ आणि धर्मग्रामाची वही

पुणे-सोलापूर रस्त्याने जाणारा वाटसरू इंदापुरात थांबला, तर गावकरी त्याला मालोजीराजे भोसले यांची गढी दाखवितात. शहाजीराजांचे वडील आणि छत्रपती शिवाजी महाराजांचे आजोबा असलेले मालोजीराजे इंदापुरास लढाईत पडले, हे या भागातील लहान मुलासही ठाऊक असते. मिस्सासाठी इंदापूरकडे जाता-येता आम्ही ती जागा अनेकदा पाहिली आहे. एकदा धर्मशिक्षणाच्या वर्गातील एका चुणचुणीत मुलाने आम्हांस विचारले, ‘‘फादर, मालोजीराजे इथेच पडले हे कशावरून?’’ प्रश्न सरळ होता. उत्तर मात्र तितके सरळ नव्हते. दगड-माती बोलत नाही. कोणीतरी ऐकले, कोणीतरी लिहिले, कोणीतरी ते लिहिलेले जपले, आणि पुढे कोणीतरी ते छापले, म्हणून आपण आज ही गोष्ट निश्चयाने सांगू शकतो. त्या ‘कोणीतरी’ची ओळख वाचकांस करून द्यावी, आणि त्या निमित्ताने आपल्या धर्मग्रामांतील एका राहून गेलेल्या कामाचीही आठवण करावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मालोजीराजांच्या इंदापूरच्या मृत्यूची हकीकत ज्या जुन्या ग्रंथात येते, त्याचे नाव ‘शिवभारत’. तो संस्कृत भाषेत, पुराणांच्या धाटणीने रचलेला आहे. कर्ता कवींद्र परमानंद हा नेवाशाचा. ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तेच हे गाव. ग्रंथाची मांडणी अशी आहे की, परमानंद काशीस जातो, तेथील पंडित त्याला शिवाजी महाराजांचे चरित्र विचारतात, आणि तो ते सांगू लागतो. स्वतः महाराजांनीच हे चरित्र रचण्यास सांगितले, असेही ग्रंथात आले आहे. म्हणजे नायक हयात असताना, त्याच्या इच्छेने आणि त्याच्या आश्रयाने हे लेखन झाले.

चरित्राचा आरंभ कवी आजोबांपासून करतो. मालोजीराजे निजामशाहीच्या चाकरीत होते. त्यांची पत्नी उमाबाई फलटणच्या निंबाळकरांची. फलटण आणि बारामती यांच्यामध्ये नीरा नदी एवढेच अंतर, तेव्हा ही सोयरीक आपल्याच शिवारातली म्हणावयास हरकत नाही. शहाजी व शरीफजी हे दोन मुलगे लहान असतानाच मालोजीराजे इंदापुरास झालेल्या लढाईत पडले, आणि पोरक्या पुतण्यांचा सांभाळ चुलते विठोजी यांनी केला, असे कवी सांगतो. दोन्ही मुलांची नावे अहमदनगरचे अवलिया शाह शरीफ यांच्यावरून ठेविली गेली, अशी कथा बखरींतून चालत आली आहे. हिंदू सरदाराच्या घरी मुसलमान साधूच्या नावाने दोन मुले वाढली, ही गोष्ट आजच्या काळात पुन्हा पुन्हा सांगण्याजोगी आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कवी स्थळ सांगतो, पण मालोजीराजांच्या मृत्यूचे वर्ष सांगत नाही. त्यामुळे इतिहासकारांत त्या वर्षाविषयी आजही मतभेद आहेत. कोणी १६०६ धरतात, तर कोणी ते १६२० च्या पुढे नेतात. कवीला वर्षाची गरज वाटली नाही, कारण त्याला सांगावयाचे होते ते कुळाचे शौर्य. सनावळी हा आपला प्रश्न आहे, त्याचा नव्हता.

असे असूनही याच कवीने एक तिथी मात्र अगदी स्पष्ट दिली. शिवाजी महाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० रोजी झाला, असे ‘शिवभारता’वरून निघते. काही बखरींतून १६२७ हे वर्ष रूढ झाले होते. लोकमान्य टिळकांनी जेधे घराण्यातील शकावली प्रसिद्ध केली, तीत १६३० ची तिथी आढळली; आणि पुढे १९२७ मध्ये सदाशिव महादेव दिवेकर यांनी ‘शिवभारत’ छापून प्रसिद्ध केले, तेव्हा तीच तिथी तेथेही मिळाली. एकमेकांना न ओळखणारे दोन साक्षीदार एकच गोष्ट सांगतात, तेव्हा तिला वजन येते. पुढे राज्य शासनानेही हीच तारीख स्वीकारली. ‘शिवभारता’ची पोथी मिळाली ती महाराष्ट्रात नव्हे, तर दूर तंजावरला, आणि तीही अपुरी. एकतीस अध्याय पूर्ण आहेत, बत्तिसाव्याचे काही श्लोक झाले की ग्रंथ मध्येच थांबतो. महाराजांच्या राज्याभिषेकापर्यंत तो पोहोचतच नाही.

आश्रित कवीचे लेखन म्हटल्यावर त्यात स्तुती असणारच. परमानंदाचा नायक हा विष्णूचा अवतार आहे. पृथ्वी गाईच्या रूपाने गाऱ्हाणे घेऊन जाते आणि देव जन्म घेण्याचे वचन देतो, अशी पुराणातील चौकट त्याने वापरली आहे. हे वाचून काही आधुनिक वाचक पोथी मिटून ठेवतील. पण त्याच पोथीत १६२४ च्या भातवडीच्या लढाईत कोण कोण सरदार कोणत्या बाजूस होते, त्यांची नावे ओळीने दिलेली आहेत. आणि दोन्ही बाजूंस हिंदूही आहेत, मुसलमानही आहेत. अवताराची कथा ही कवीची श्रद्धा झाली. ती नावांची यादी हे त्याचे काम झाले. दोन्ही त्याच्या एकाच लेखणीतून उतरले. वाचकाने दोहोंत फरक करावयास शिकले पाहिजे, आणि त्यासाठी एकाला दुसऱ्यापायी फेकून देण्याचे कारण नाही.

आता इंदापुराहून बारामती तालुक्यातील सुप्याकडे वळू. पुणे, सुपे, इंदापूर, चाकण हा शहाजीराजांच्या जहागिरीचा मुलूख. सुप्यास महाराजांचे सावत्र मामा संभाजी मोहिते हे अधिकारी होते. कृष्णाजी अनंत सभासद या दरबारातील जुन्या माणसाने जी बखर लिहिली, तीत सुप्याचा प्रसंग आला आहे. शिमग्याच्या सणाचे पोस्त मागावयाचे निमित्त करून महाराज मामांच्या भेटीस गेले, त्यांना कैद केले आणि त्यांची तीनशे घोड्यांची पागा व द्रव्य ताब्यात घेतले. एवढी मोठी घटना सभासद मोजक्या वाक्यांत सांगून पुढे जातो. मामाला कैद केले हे लपवीत नाही, त्याचे समर्थनही करीत बसत नाही.

सभासदाने ही बखर १६९७ मध्ये जिंजीस, छत्रपती राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिली. मोगलांचा वेढा पडलेला, राज्य संकटात, स्वदेश शेकडो मैल दूर. अशा वेळी मुलाने वडिलांचे चरित्र एका वृद्ध सेवकाकडून लिहवून घेतले. आपण कोण, कोठून आलो, हे विसरले जाण्याची भीती जेव्हा वाटते, तेव्हाच माणसे इतिहास लिहवून घेतात, असे यावरून दिसते. सभासदाच्या वयाची माणसे एक-एक करून जात होती. आणखी दहा वर्षे गेली असती, तर सुप्याच्या शिमग्याची ती गोष्ट सांगावयास कदाचित कोणीही उरले नसते.

याच सुमारास आपल्या एका ख्रिस्ती बांधवानेही शिवचरित्र लिहिले, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. गोव्यातील मुरगावचा कॉस्मे द गार्डा याने १६९५ मध्ये पोर्तुगीज भाषेत महाराजांचे चरित्र लिहिले. ते १७३० मध्ये लिस्बन येथे छापले गेले. शत्रुराज्याच्या प्रजाजनाने महाराजांच्या पराक्रमाचा गौरव करावा, हे विशेषच. पण पुस्तकात ऐकीव आणि चुकीच्या गोष्टी पुष्कळ शिरल्या आहेत, म्हणून इतिहासकार ते जपून वापरतात. मनात द्वेष नसूनही दूर राहणाऱ्याच्या हातून असे होते. ज्यांची हकीकत त्यांनी ती लिहिली नाही, तर दुसरा कोणी लिहील. आणि तो सज्जन असला तरी चुकेल.

आता वाचकांस आम्ही थोडे लांब, युरोपच्या उत्तरेस नेऊ इच्छितो. परमानंदाच्या आधी सुमारे साडेचारशे वर्षे डेन्मार्क देशात अगदी असेच एक काम झाले, आणि ते करणारा चर्चच्या सेवेतील विद्वान होता. त्याचे नाव सॅक्सो. पुढच्या पिढ्यांनी त्याच्या लॅटिनवरील प्रभुत्वामुळे त्याला ‘ग्रामॅटिकस’, म्हणजे वैयाकरणी, असे बिरुद दिले. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात लुंड येथील आर्चबिशप अब्सालोन यांच्या पदरी तो होता. हे अब्सालोन मोठे विलक्षण गृहस्थ: धर्माधिकारी, राजा पहिला वाल्देमार याचे बालमित्र व सल्लागार, आणि प्रसंगी स्वतः आरमार घेऊन लढाईस जाणारे. कोपनहेगन शहराचे संस्थापक म्हणून त्यांचेच नाव घेतले जाते.

शेजारच्या राष्ट्रांना आपापले लिखित इतिहास आहेत, आपल्याच देशाला नाही, ही खंत अब्सालोन यांस होती. त्यांनी हे काम सॅक्सोकडे सोपविले. आपण सर्वांत लहान सेवक, इतरांनी नाही म्हटले म्हणून हे ओझे आपल्यावर आले, असे सॅक्सो प्रस्तावनेत नम्रपणे सांगतो. त्याने लॅटिन भाषेत सोळा खंड लिहिले. पहिल्या नऊ खंडांत बहुतांशी ख्रिस्तपूर्व श्रद्धांच्या काळातील राजे, वीर, राक्षस आणि देव यांच्या दंतकथा आहेत. पुढील खंडांत उत्तरोत्तर खरा इतिहास येतो, आणि शेवटचे तर जवळजवळ डोळ्यांदेखत घडलेले आहे. ग्रंथ पूर्ण होण्याआधीच, १२०१ मध्ये, अब्सालोन निवर्तले. सॅक्सोने तो त्यांच्या जागी आलेले आर्चबिशप आंद्रेयास सुनेसेन आणि राजा दुसरा वाल्देमार यांना अर्पण केला.

अब्सालोन यांच्या मृत्युपत्रात सॅक्सो नावाच्या एका लिपिकाचा उल्लेख आहे. त्याच्याकडे येणे असलेली अडीच मार्क चांदी माफ करावी, मात्र त्याने नेलेली दोन पुस्तके सोरो येथील मठास परत करावीत, अशा अर्थाची ती नोंद. तो हाच सॅक्सो असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. पुस्तके घेऊन जाऊन परत न करणारे विद्वान तेव्हाही होते, हे वाचून आमच्यासारख्यांस थोडा दिलासा मिळतो!

सॅक्सोच्या एका गुणाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. आपण ही माहिती कोठून मिळविली, ते तो प्रस्तावनेतच सांगतो. डेन लोकांची जुनी गाणी, शिळांवर कोरलेली प्राचीन लिपीतील अक्षरे, आइसलँडमधील लोकांनी जपलेल्या कथा, आणि स्वतः अब्सालोन यांच्या तोंडून ऐकलेल्या हकिकती, ही त्याची साधने. आपल्या पूर्वजांची गाणी ख्रिस्ती नव्हती, म्हणून त्याने ती टाकली नाहीत. चर्चची भाषा लॅटिन. त्या भाषेत त्याने आपल्या अज्ञानी समजल्या गेलेल्या पूर्वजांच्या कथा आदराने उतरविल्या. त्यांतलीच एक कथा आम्लेथ नावाच्या राजपुत्राची. बापाचा खून करणाऱ्या चुलत्यापासून जीव वाचविण्यासाठी तो वेड पांघरतो आणि शेवटी सूड घेतो. हीच कथा फ्रेंच भाषेतून फिरत फिरत इंग्लंडात गेली आणि शेक्सपिअरचे ‘हॅम्लेट’ झाली. गोपाळ गणेश आगरकरांनी १८८३ मध्ये त्या नाटकाचे ‘विकारविलसित’ या नावाने मराठी रूपांतर केले. एका डॅनिश लिपिकाने टिपून ठेविलेली कथा अशा रीतीने पुण्यापर्यंत आली.

तरीही तो ग्रंथ थोडक्यात वाचला. लुंडचा एक धर्मगुरू ख्रिस्तियर्न पेडरसन याने मोठ्या खटपटीने एक हस्तलिखित मिळवून १५१४ मध्ये पॅरिस येथे ते छापून घेतले. त्यानंतर हस्तलिखिते जवळजवळ सर्व नाहीशी झाली. १८६३ मध्ये फ्रान्समधील आंजे गावी एका जुन्या पुस्तकाच्या बांधणीत वापरलेली चार पाने सापडली. त्यांवरील खाडाखोड व दुरुस्त्या स्वतः सॅक्सोच्याच हातच्या असाव्यात, असे अभ्यासकांना वाटते. एका राष्ट्राच्या इतिहासाची पाने पुठ्ठ्याचे अस्तर झाली होती. परमानंदाची अपुरी पोथी तंजावरला, सॅक्सोची पाने फ्रान्सला. ज्या मातीची हकीकत, त्या मातीत ती टिकली नाही.

आम्ही सॅक्सोचे कौतुक करीत आहो, पण त्याच्या ग्रंथातील एक प्रसंग एक धर्मगुरू म्हणून आम्हांस अस्वस्थ करतो, आणि तो गाळून पुढे जाणे बरोबर होणार नाही. ११६८ मध्ये डेन सैन्याने र्‍यूगेन बेटावरील आर्कोना हे ठाणे जिंकले. तेथील स्लाव लोक स्वांतेविट नावाच्या देवाची उपासना करीत. देवाची चार मस्तकांची लाकडी मूर्ती, हातातील शिंग, त्यातील पेय किती उरले त्यावरून पुढील पिकाचा अंदाज घेण्याची चाल, देवाचा म्हणून राखलेला पांढरा घोडा, हे सारे सॅक्सोने बारकाईने वर्णिले आहे. आणि मग ती मूर्ती कशी तोडली, दोर लावून छावणीत कशी ओढली, आणि संध्याकाळी तिचीच लाकडे स्वयंपाकाच्या चुलीत कशी घातली, तेही त्याने लिहिले आहे. या मोहिमेचे एक नेते आर्चबिशपपद पुढे भूषविणारे अब्सालोनच होते.

सॅक्सोला हा विजय वाटला. आपल्याला आज तो तसा वाटत नाही. तलवारीच्या धाकाने झालेला स्नानसंस्कार हा ख्रिस्ताच्या मार्गातला नव्हे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये धर्मस्वातंत्र्याची घोषणा करताना विश्वास हा सक्तीने लादता येत नाही, असे स्पष्ट सांगितले. आणि संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी १२ मार्च २००० रोजी, सत्याच्या नावाखाली चर्चच्या लेकरांनी केलेल्या बळजबरीबद्दल जाहीर क्षमायाचना केली. पण ही क्षमा मागता आली कशामुळे? काय घडले ते कोणीतरी लिहून ठेविले होते म्हणून. सॅक्सोने अभिमानाने लिहिले, आणि त्याच्या त्या अभिमानी नोंदीतून आपल्याला आपली चूक दिसली. ज्या लोकांचा देव जाळला, त्यांच्या उपासनेची सर्वांत सविस्तर माहितीही त्याच पानांत राहिली आहे. प्रामाणिक तपशील लेखकाच्या मतापेक्षा अधिक काळ टिकतो, हे येथे दिसते.

पवित्र शास्त्राच्या वाचकांस यात नवल वाटू नये. शमुवेलाच्या ग्रंथात दावीद राजाची हकीकत आहे, तीत बथशेबेचा प्रसंग आहे, उरीयाचा घात आहे, आणि नाथान संदेष्ट्याने राजाच्या तोंडावर केलेला आरोपही आहे. आपल्या मराठी पवित्र शास्त्रात ज्यांना ‘इतिहास’ असेच नाव आहे, त्या पुढील दोन ग्रंथांतही दावीद येतो. पण तेथे हे पाप आढळत नाही. तेथे वंशावळ्या आहेत, मंदिराची तयारी आहे, गायक व सेवक यांच्या याद्या आहेत. बंदिवासातून परत आलेल्या लोकांना आपली मुळे सांगणे, हा त्या लेखकाचा हेतू. चर्चने दोन्ही ग्रंथ पवित्र मानून ठेविले. एकानेच राज्य केले असते, तर आपल्याला एक तर वंशावळ मिळाली नसती, नाही तर पश्चात्ताप. आणि संत लूक आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभीच सांगतो की, प्रत्यक्ष पाहणाऱ्यांकडून आलेले सर्व आपण मुळापासून नीट तपासून क्रमवार लिहीत आहो. इतिहासलेखकाच्या कर्तव्याची याहून थोडक्यात व्याख्या आम्हांस ठाऊक नाही.

एवढे लांब फिरून आता आपल्या दाराशी येऊ. ‘शिवभारता’त राजे आहेत, सभासदाच्या बखरीत सरदार आहेत, सॅक्सोच्या ग्रंथात राजे आणि बिशप आहेत. मग आपण कोठे आहोत? आपल्यापैकी पुष्कळांचे पूर्वज गावकुसाबाहेर राहत होते. सुप्याच्या पागेतील तीनशे घोड्यांना वैरण कोणी घातली असेल, इंदापूरच्या गढीची माती कोणी वाहिली असेल, याचा विचार केला, तर कदाचित तेथे आपल्याच कोणा पणज्याच्या पणज्याचे हात दिसतील. पण त्याचे नाव कोणी लिहिले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दुष्काळ पडले, नीरेचा डावा कालवा निघाला, या कोरड्या तालुक्यांत ऊस आला, पुढे वालचंदनगरसारखे कारखाने आले. काम शोधीत कुटुंबे आली, त्यांत नगरकडची ख्रिस्ती कुटुंबेही होती. ती कोणत्या गावाहून आली, कोणाच्या ओळखीने आली, पहिली मिस्सा कोणाच्या छपरात झाली, हे आज सांगणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत.

या बाबतीत आमचाही एक अपराध आहे, तो येथे कबूल करतो. धर्मगुरू म्हणून आमची पहिलीच वर्षे होती. नगरकडील एका खेड्यात एक वृद्ध मास्तर राहत. त्यांचे वडीलही मास्तर, म्हणजे गावात प्रार्थना व अक्षरे शिकविणारे. रात्री ओट्यावर बसून ते सांगत असत. १९१४ च्या महायुद्धात नगर भागातील जर्मन धर्मगुरूंना सरकारने नजरकैदेत ठेविले व पुढे मायदेशी धाडले, तेव्हा कित्येक गावांना महिनोन् महिने मिस्सा मिळत नसे. त्या काळात त्यांचे वडील दर रविवारी लिंबाखाली टांगलेला रुळाचा तुकडा वाजवून लोकांना जमवीत, रोझरी म्हणवून घेत, आजाऱ्यांच्या घरी जात, आणि मरणाऱ्याच्या उशाशी बसत. त्यांना पगार बहुधा मिळत नसे. कोणत्या गावी कोण मास्तर होते, ती नावे वृद्धांना सबंध पाठ होती. आम्ही ऐकत होतो, मनात म्हणत होतो की हे एकदा नीट लिहून घेतले पाहिजे. लिहिले नाही. बदली झाली. दोन वर्षांनी परत गेलो, तेव्हा त्यांच्या कबरीवरील माती ओली होती. आज आम्हांस लिंब आठवतो, रूळ आठवतो. त्या नावांपैकी एकही नाव आठवत नाही. अब्सालोन यांनी लिपिकाला कामास लावले, राजाराम महाराजांनी सभासदाला लावले. आमच्यापाशी सांगणारा होता, कागद होता, लेखणी होती, आणि आम्ही पुढच्या आठवड्यावर ढकलले.

याचे परिणाम आपली मुले भोगतात. शाळेत, कामावर, कोणी सहज म्हणते की तुमचे आजे-पणजे पोटासाठी बाटले. मूल घरी येऊन विचारते, आणि आपण गप्प बसतो, कारण आपल्यालाच ठाऊक नसते. खरे काय ते गुंतागुंतीचे आहे. कोणी दुष्काळात मिळालेल्या घासासाठी चर्चच्या दारी आला असेल, कोणी मुलाला शाळा मिळावी म्हणून, कोणी पहिल्यांदाच कोणीतरी अंगाला हात लावून विचारपूस केली म्हणून. आणि कोणी खरोखर ख्रिस्ताचा शब्द काळजाला भिडला म्हणून. ज्याने घासासाठी आरंभ केला, त्याच्याच नातवाने पुढे लिंबाखाली रूळ वाजवून विश्वास राखला असेल. हे सारे लिहिले, तर त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. लिहिले नाही, तर कॉस्मे द गार्डासारखा कोणी दुरून लिहील, आणि सगळेच काही त्याच्याइतके सद्भावनेचे नसतात.

चर्चने या कामाची सोय फार पूर्वीच करून ठेविली आहे. ट्रेंटच्या परिषदेने १५६३ मध्ये धर्मग्रामांत नोंदवह्या ठेवण्याची शिस्त घालून दिली, आणि १९८३ च्या धर्मविधिसंहितेतही स्नानसंस्कार, विवाह व मृत्यू यांच्या वह्या प्रत्येक धर्मग्रामात असाव्यात, त्या नीट जपाव्यात, असे कलम आहे. ज्यांच्या पूर्वजांचे नाव कोणत्याही बखरीत नव्हते, त्यांचे नाव, आईबापांचे नाव, गावाचे नाव, तारखेसह प्रथम लिहिले गेले ते बहुधा या वह्यांत. या भागात जुन्या वहीची पाने हातात घेताना आम्हांस ‘शिवभारता’तील सरदारांच्या याद्यांची आठवण होते. तितकीच कोरडी, आणि तितकीच मोलाची. पण वही केवळ नाव सांगते. कथा घरच्यांनी सांगावयाची असते.

म्हणून आमची धर्मग्रामातील कुटुंबांस विनंती आहे. घरात एक साधी दोनशे पानी वही आणावी. घरातील सर्वांत वडीलधाऱ्या माणसाजवळ, बहुधा आजीजवळ, नातवंडाने बसावे. कुटुंब कोणत्या गावचे, येथे कोणत्या वर्षी व कशासाठी आले, पहिला स्नानसंस्कार कोणाचा झाला, मास्तर कोण होते, कोणती गाणी लग्नात आणि मयतीत म्हटली जात, एवढे विचारून लिहावे. आजीने स्वतः पाहिलेले आणि आजीने ऐकलेले यांत फरक करावा. ऐकलेले असेल तर ‘असे ऐकले’ म्हणून लिहावे, टाकून देऊ नये. दंतकथा वाटली तरी लिहावी, कारण तिच्यात काय धरावे व काय सोडावे ते पुढची पिढी ठरवील. भाऊबंदकी, कज्जे, चर्चमध्येही पाळलेला भेदभाव, आपल्याकडून झालेले अन्याय, हे गाळू नये. सभासदाने मामाची कैद गाळली नाही, आणि शमुवेलाच्या ग्रंथाने दाविदाचे पाप गाळले नाही. लिहून झालेल्या वहीची एक प्रत धर्मग्रामाच्या कपाटात आणून द्यावी. वाळवीपासून ती सांभाळणे हे आमचे काम.

ज्या मुलाने आम्हांस प्रश्न विचारला होता, त्याला आम्ही परमानंदाविषयी सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि पुन्हा विचारले, ‘‘मग फादर, आमचे पणजोबा इथे आले, ते कशावरून?’’ त्याची आजी अजून हयात आहे. त्याला आम्ही वही दिली आहे, आणि पुढच्या रविवारी मिस्सानंतर त्याच्या घरी आम्हीही जाऊन बसणार आहो.